नोंदणीनंतर बदलणारी मोटार

परिवहन कार्यालयात मोटारीची नोंदणी करताना चेसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासण्याची जुनी पद्धत आहे. लोखंडावर ठोकलेले आकडे कागदावर उमटतात, तो कागद अर्जाला चिकटवला जातो आणि निरीक्षक पडताळणी करून सही करतो. सेवेच्या सुरुवातीच्या काळात हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा मला त्याचे हसू आले होते. पुढे त्यामागचा विचार ध्यानात आला. मोटारीविषयी शासनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. जिला मंजुरी दिली, जिची नोंद झाली, जिच्यावर कर भरला गेला आणि जिचा विमा उतरला, तीच गाडी आज रस्त्यावर उभी आहे ना, एवढीच ती गोष्ट. कागदावरचे ते धुरकट आकडे म्हणजे या ओळखीचा पुरावा.

या एका गृहीतकावर मोटारविषयक सगळे प्रशासन उभे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकदा नमुना उत्तीर्ण झाला की त्याबरहुकूम निघालेली प्रत्येक गाडी मंजूर समजली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. निर्मात्याने ठरवलेला तपशील हाच प्रमाण, मालकाची हौस तेथे चालणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

वाचकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. कलमाचा धाक मालकाला आहे. विक्री झाल्यावर निर्माताच येऊन गाडी बदलील, ही कल्पना १९८८ च्या कायदेकारांना शिवलीही नसावी, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हाची गाडी एकदा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की निर्मात्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नसे.

तो हात पोहोचल्याची पहिली मोठी जाणीव जगाला त्याच वर्षी, म्हणजे २०१९ च्या मे महिन्यात झाली. परदेशी राहणाऱ्या आपल्या अनेक वाचकांच्या दारात आज विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत, म्हणून हा इतिहास थोडा तपशिलाने सांगतो.

एप्रिल २०१९ मध्ये शांघायच्या एका भूमिगत वाहनतळावर उभ्या असलेल्या टेस्ला मॉडेल एस गाडीतून धूर निघाला आणि क्षणात तिने पेट घेतला. पुढच्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये आणखी एक गाडी जळाली. यानंतर कंपनीने जाहीर केले की, खबरदारी म्हणून मॉडेल एस व मॉडेल एक्स गाड्यांच्या चार्जिंगची आणि बॅटरीच्या तापमान नियंत्रणाची मर्यादा सॉफ्टवेअरद्वारे बदलण्यात येत आहे. हे सॉफ्टवेअर हवेतून, म्हणजे मोबाइल किंवा वाय-फायच्या जाळ्यातून, रात्री घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत उतरले.

सकाळी काही मालकांच्या लक्षात आले की पूर्ण चार्ज केलेली गाडी पूर्वीइतके अंतर दाखवीत नाही. कोणाचे वीस मैल गेले, कोणाचे तीस, कोणाचे त्याहूनही अधिक. पुढे असेही आढळले की महामार्गावरील जलद चार्जिंगलाही पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. २०१२ ते २०१६ या काळातील, ८५ किलोवॅट-तास क्षमतेच्या जुन्या बॅटरीच्या गाड्यांना हा फटका विशेष बसला.

याचे तांत्रिक कारण समजून घेणे कठीण नाही. त्या बॅटरीत ७,१०४ लहान सेल असत, १६ कप्प्यांत प्रत्येकी ४४४. आकाराने हे सेल पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे. पूर्ण चार्ज झालेल्या अशा सेलचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. सेल जुना झाला, किंवा त्याच्यात घडणीचा दोष असला, तर या वरच्या टोकाला नेणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी संगणकीय व्यवस्था, जिला बीएमएस म्हणतात, दाबाची कमाल मर्यादा ठरवते. ही मर्यादा थोडी खाली आणली की धोका कमी होतो आणि त्याबरोबर साठाही. हंडा तोच, पण गळ्यापर्यंत भरायचा नाही, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की घरच्या हंड्यात किती पाणी भरले ते डोळ्यांना दिसते. येथे पडद्यावर शंभर टक्के असाच आकडा येत राहिला, फक्त त्या शंभराचा अर्थ बदलला होता. काही चिकित्सक मालकांनी गाडीतील आकडेवारी वाचणारी उपकरणे जोडून सेलचा दाब स्वतः मोजला, तेव्हा कोठे गोष्ट उघडकीस आली. काहींनी पुढचे अपडेट नकोच म्हणून गाडी वाय-फायपासून तोडून ठेवली. स्वतःच्या मालकीच्या वस्तूला तिच्या निर्मात्यापासून लपवून ठेवण्याची पाळी याआधी कोणा मोटारमालकावर आली होती काय, मला शंका आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. जुलै २०२१ मध्ये तडजोड झाली. बाधित गाड्या १,७४३, एकूण रक्कम वकिलांचे शुल्क व खर्च धरून १५ लाख डॉलर, आणि प्रत्येक मालकाच्या वाट्याला ६२५ डॉलर. तडजोडीच्या कागदपत्रांतून जो क्रम दिसतो तो असा: पहिल्या अपडेटने दाबाची मर्यादा साधारण १० टक्क्यांनी कमी झाली व ती स्थिती तीन महिने राहिली. नंतरच्या अपडेटने ही घट सुमारे ७ टक्क्यांवर आणली आणि ती आणखी सात महिने टिकली. मार्च २०२० च्या तिसऱ्या अपडेटनंतर गाडी चालत राहील तसतसा पूर्वीचा दाब हळूहळू परत मिळावा अशी योजना झाली. १,५५२ गाड्यांत तो परत मिळाला होता आणि ५७ गाड्यांच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या.

नॉर्वेत मात्र वेगळेच घडले. विजेच्या गाडीला आयातकरातून सूट देण्याचे धोरण त्या देशाने १९९० पासून, आणि मूल्यवर्धित करातून सूट देण्याचे २००१ पासून राबवले. २०२० मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. असे होणारा तो जगातला पहिला देश. दूरच्या वस्तीचा आणि कडाक्याच्या थंडीचा देश असल्याने चार्जिंगचा वेग ही तेथे चैनीची बाब नव्हे. तेव्हा तेथील मालकांनी तक्रार नेली ती फोर्लिक्सरोद या संस्थेपुढे. प्रशासनाचा अभ्यासक म्हणून मला या संस्थेचे फार कौतुक वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, डेन्मार्क व नॉर्वे एका राजाखाली असताना, खेड्यापाड्यांतील तंटे वकिलांच्या हाती जाण्यापूर्वी गावातच मिटावेत म्हणून सलोख्याची ही मंडळे स्थापन झाली. आजही नगरपालिकेने निवडलेले तीन सामान्य नागरिक त्यावर बसतात. त्यांनी कायद्याची पदवी घेतलेली असावी अशी अट नाही. आपल्याकडच्या लोकअदालतीचा किंवा महाराष्ट्रातील गावोगावच्या तंटामुक्त समित्यांचा हा दूरचा आप्त म्हणता येईल.

२०२१ च्या वसंतात या मंडळाने तीस मालकांना प्रत्येकी १,३६,००० क्रोनर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १६,००० डॉलर, भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीने नोटिशीला उत्तरच दिले नव्हते, त्यामुळे आदेश एकतर्फी होता आणि त्यावर वरच्या न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला होता. हे सांगितल्याशिवाय हा आकडा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही तुलना टाळता येत नाही. एकाच कंपनीच्या एकाच कृतीची किंमत एका देशात ६२५ डॉलर ठरली आणि दुसऱ्या देशात तिच्या पंचवीसपट. नुकसान मोजायचे कसे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. काही महिने मिळाले नाहीत तेवढ्या किलोमीटरांची किंमत करायची, की विकत घेतलेल्या वस्तूचा एक हिस्सा परस्पर काढून घेतल्याची?

आता सुरक्षा नियंत्रकाकडे वळू. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने मोटार सुरक्षेची संघीय व्यवस्था उभी राहिली आणि १९७४ च्या दुरुस्तीने सदोष गाडी निर्मात्याने स्वखर्चाने दुरुस्त करावी असे बंधन आले. दोष आहे असे ठरल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत निर्मात्याने एनएचटीएसए या यंत्रणेला कळवायचे असते. सप्टेंबर २०१९ मध्ये या यंत्रणेकडे एक अर्ज आला. मागणी अशी की, कंपनीने खरा दोष जाहीर करून गाड्या परत बोलावण्याऐवजी अपडेटच्या आडून तो झाकला आहे काय, याची चौकशी व्हावी. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अर्ज फेटाळला गेला. कारणमीमांसा अशी होती: चीनमधील त्या गाड्या नुकत्याच जलद चार्ज होऊन जवळजवळ भरलेल्या अवस्थेत उभ्या होत्या, त्यांची शीतन व्यवस्था बंद होती आणि बॅटरीवर पूर्वीपासून जास्त ताण पडलेला होता, अमेरिकेत त्या प्रकारची घटना आढळलेली नाही.

एखाद्या अधिकाऱ्याने हा निर्णय लिहिताना काय विचार केला असेल ते मी समजू शकतो. त्याच्या कायद्यात प्रश्न एकच आहे, जीविताला धोका आहे काय. पण मालकाची अडचण पाहा. ज्या अपडेटने त्याचे मैल गेले त्याच अपडेटने धोकाही कमी केला असणार. आणि धोका दिसत नाही म्हणून नियंत्रकाच्या लेखी विषय संपला. सुरक्षेच्या दप्तराने त्याला ग्राहकाच्या दप्तराकडे पाठवले, आणि तेथे कंपनी म्हणणार की हे तुझ्या सुरक्षेसाठीच केले. या दोन मेजांमध्ये फिरणारी फाइल कशी असते, ते सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

अर्थात कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आग लागण्याची शक्यता दिसत असताना मालकाची संमती मागत बसणे शहाणपणाचे नव्हते. शेजाऱ्याच्या घरात लोक झोपलेले असतात. माझा आक्षेप मर्यादा खाली आणण्याला नाही. किती खाली आणली, का आणली आणि केव्हा पूर्ववत होणार, हे तीन ओळींत लिहून कळवले असते तर बहुतेक दावे उभेच राहिले नसते, असे मला वाटते. शासकीय आदेशालाही आपण कारणे नोंदवण्याची सक्ती करतो.

दोष कळवला तरी सॉफ्टवेअर हेच औषध मानण्याचा धोका काय असतो, ते पुढे दोन प्रकरणांत दिसले. दक्षिण कोरियात ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिक गाड्यांना आगी लागल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये २५,५६४ गाड्या परत बोलावून बीएमएसचे सॉफ्टवेअर बदलण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये देगू शहरात अपडेट झालेल्या एका गाडीने पेट घेतला. महिनाभरात कंपनीने जगभरातील सुमारे ८२,००० गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचे जाहीर केले आणि खर्चाचा अंदाज एक लाख कोटी वॉनचा होता. भारतातही डिसेंबर २०२० मध्ये ४५६ कोना गाड्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या होत्या.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टची कथा याहून करुण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६९,००० गाड्यांचे चार्जिंग सॉफ्टवेअरने ९० टक्क्यांवर रोखण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये दोष हुडकणारे नवे सॉफ्टवेअर आले, ते बसवले की पुन्हा १०० टक्के मुभा. जुलैमध्ये हा उपाय केलेल्या गाड्याच पेटल्या. त्यांपैकी एक व्हर्माँट राज्याच्या एका विधानसभा सदस्याची होती. मग मालकांना सांगण्यात आले की ९० टक्क्यांपुढे चार्ज करू नका, ७० मैलांच्या खाली बॅटरी उतरू देऊ नका, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, गाडी घराबाहेर ठेवा. सप्टेंबरमध्ये त्यात भर पडली की वाहनतळावर इतर गाड्यांपासून पन्नास फूट दूर उभी करा. शहरात राहणाऱ्या माणसाने पन्नास फूट आणायचे कोठून? काही वाहनतळांनी बोल्टला प्रवेशच बंद केला. शेवटी सुमारे १,४२,००० गाड्या, म्हणजे त्या नावाची बनलेली प्रत्येक गाडी, परत बोलावण्याच्या यादीत आली. एकाच सेलमध्ये फाटलेली ॲनोडची पट्टी आणि दुमडलेला पडदा, असे दोन दोष एकत्र आले की आग लागे. फाटलेली पट्टी सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. सेल पुरवणाऱ्या एलजी कंपनीने १९० कोटी डॉलरपर्यंतचा भार उचलण्याचे मान्य केले.

या सगळ्यात भारताचा एक जुना, विसरलेला धागा आहे. बंगळूरच्या रेवा कंपनीची छोटी विद्युत गाडी २००१ मध्ये बाजारात आली आणि लंडनच्या रस्त्यांवरही पुष्कळ दिसली. सप्टेंबर २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात या कंपनीने एक युक्ती मांडली. वाटेत चार्ज संपत आला तर मालकाने फोन किंवा संदेश करायचा, आणि केंद्रातून दुरूनच बॅटरीतला राखीव साठा मोकळा केला जाईल. त्या वेळी हे मालकाच्या सोयीचे म्हणून वाखाणले गेले, आणि ते तसे होतेही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडावर इर्मा वादळ चालून आले तेव्हा टेस्लाने काही गाड्यांची सॉफ्टवेअरने बंद ठेवलेली क्षमता दुरून खुली करून लोकांना अधिक दूर पळता येईल असे केले, त्याचेही कौतुक झाले. साठा दुरून उघडता येतो त्या अर्थी दुरून बंदही करता येतो, हा विचार दोन्ही वेळा फारसा कोणी केला नाही. मी तरी केला नव्हता.

प्रशासनाचे उत्तर आले ते जिनिव्हातून. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहन मंचाने जून २०२० मध्ये नियम क्रमांक १५५ व १५६ संमत केले, पहिला सायबर सुरक्षेचा आणि दुसरा सॉफ्टवेअर अपडेटचा. नियम १५६ नुसार कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती आहे याची नोंद निर्मात्याने ठेवावी, मंजूर तपशिलावर अपडेटचा परिणाम होतो काय ते आधी ठरवावे, वापरकर्त्याला माहिती द्यावी, आणि अपडेट फसले तर गाडी पूर्वस्थितीत किंवा सुरक्षित स्थितीत यावी. मंजुरीशी निगडित सॉफ्टवेअरला ओळखक्रमांक देण्याची सोयही त्यात आहे. पेन्सिलने घासलेल्या चेसिस क्रमांकाचा हा नवा अवतार. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना हे बंधन लागू झाले. परंतु चार्जिंगचा वेग हा काही मंजुरीचा निकष नाही. तेव्हा तो कमी करणारे अपडेट या चाळणीतून सहज खाली पडते. ती बाजू युरोपने ग्राहक कायद्याकडे सोपवली आहे. डिजिटल अंग असलेल्या वस्तू कराराबरहुकूम राहाव्यात म्हणून अपडेट मिळत राहिले पाहिजेत, ही जबाबदारी १ जानेवारी २०२२ पासून तेथे विक्रेत्यावर आहे.

भारत १९५८ च्या त्या मूळ करारात सामील नाही, म्हणून हे नियम आपल्याला आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्या धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके आपल्याकडे आखली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम लागू झाले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकते. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. मात्र हे कलमही पर्यावरणाला किंवा माणसांना अपाय करणाऱ्या दोषापुरते आहे, म्हणजे अमेरिकी अधिकाऱ्यापुढे होता तोच प्रश्न उद्या आपल्या अधिकाऱ्यापुढे येईल. अपडेटनंतर चार्जिंग मंदावलेल्या गाडीचा मालक जाईल तो ग्राहक आयोगाकडे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दोषाची व्याख्या गुणवत्ता, प्रमाण, क्षमता यांतील उणीव अशी व्यापक आहे, आणि तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, हे त्यातले चांगले. पण तेथे त्याला सिद्ध करावे लागेल की गाडी आधी कशी होती.

ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना कळवले की बॅटरीशिवायही विद्युत वाहनाची नोंदणी करावी, कारण किमतीचा ३० ते ४० टक्के भाग बॅटरीचाच असतो. म्हणजे बॅटरी ही वेगळी वस्तू आहे हे शासनाने मान्य केले आहे. नोंदणी प्रमाणपत्रात अजूनही गाडीचा रंग लिहिलेला असतो, आसने आणि वजन लिहिलेले असते, चेसिस क्रमांक तर असतोच. विक्रीच्या दिवशी तिच्यात सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती आणि बॅटरी किती व्होल्टपर्यंत भरत होती, याचा रकाना त्यात नाही. तो असावा अशी सूचना मी एका बैठकीत केली होती. रकाना वाढवायचा तर संगणक प्रणालीत बदल करावा लागेल, असे उत्तर मिळाले.